सील आणि पेंग्विन : समुद्र अधिक कोणाचा?

माळरान (धागाकर्ता)

सील आणि पेंग्विन यांची तुलना निघाली की चर्चा बहुधा बुडीच्या आकड्यांवर येऊन थांबते. अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली वावरणारा वेडेल सील ९०० मीटरांच्या आसपास खोल गेल्याची आणि दीड तासाहून अधिक काळ श्वास रोखून राहिल्याची नोंद आहे. त्याच बर्फावर वाढणारा सम्राट पेंग्विन ५०० मीटरांच्या पलीकडे जातो आणि त्याची आजवर नोंदली गेलेली सर्वांत लांब बुडी सुमारे ३२ मिनिटांची आहे. आकडे पाहता सील जिंकला, आणि माझ्या नववीच्या वर्गाने तसा निकाल देऊनही टाकला. मला हा निकाल मान्य नाही, कारण चारशे-साडेचारशे किलोच्या जनावराला तीस-पस्तीस किलोच्या पक्ष्यासमोर उभे करून त्यांचे श्वास मोजणे न्याय्य नाही. मोठ्या शरीरात प्राणवायूचा साठा जास्त मावतो आणि दर किलोमागे त्याचा खर्चही कमी होतो. वजन हिशेबात धरले तर पेंग्विनचा अर्धा तास हाच मोठा पराक्रम ठरतो.

मला येथे मांडायचा आहे तो प्रश्न निराळा आहे. सस्तन प्राण्यांमधून देवमासे, डॉल्फिन आणि डुगाँग (समुद्रगाय) असे गट निघाले, ज्यांचा जमिनीशी काहीही संबंध उरला नाही. जन्म, झोप, मरण सारे पाण्यातच. पक्ष्यांमधून मात्र असा एकही गट निघालेला नाही. पेंग्विनांनी उडणे सोडले, पंखांची वल्ही केली, हवेने भरलेली हलकी हाडे टाकून भरीव हाडे धरली, तरीही विणीच्या हंगामात त्यांना किनाऱ्यावर किंवा बर्फावर यावेच लागते. वेळेचा अभाव होता असेही म्हणता येत नाही. न्यूझीलंडमध्ये सापडलेले सर्वांत जुने पेंग्विन सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, आणि देवमाशांचे पूर्वज त्या काळी चार पायांवर जमिनीवरच हिंडत होते. आधी निघालेला पक्षी मागे राहिला आणि नंतर निघालेला सस्तन प्राणी पुढे गेला, असे का व्हावे?

माझ्या मते सारे घोडे अंड्यापाशी अडले आहे. पक्ष्याच्या अंड्याचे कवच हजारो सूक्ष्म छिद्रांनी भरलेले असते आणि आतला गर्भ त्या छिद्रांतून हवा घेतो. असे अंडे पाण्यात बुडाले तर गर्भ गुदमरतो, आणि पाण्यावर तरंगत ठेवले तर त्याला लागणारी ऊब मिळत नाही. म्हणून अंडे कोरड्यात ठेवावे लागते आणि त्यापाशी कोणीतरी बसावे लागते. सम्राट पेंग्विनचा नर अंटार्क्टिकाच्या काळोख्या हिवाळ्यात सुमारे दोन महिने ते एकच अंडे पायांवर घेऊन, पोटाच्या कातडीची घडी वरून पांघरून उभा असतो. वसाहतीत आल्यापासून मादी परतेपर्यंत त्याला जवळजवळ चार महिने उपास घडतो आणि त्याचे वजन सुमारे ४० टक्क्यांनी घटते. ज्याचे अन्न पूर्णपणे समुद्रात आहे, त्याने वर्षातील चार महिने समुद्राकडे पाठ करून उभे राहावे, ही सक्ती अंड्याची आहे. जाणकारांनी यावर आपले मत द्यावे.

विजापूर वेस

सर, मांडणी चांगली आहे, परंतु तिच्यात एक गळती दिसते. आपण शीर्षकात सील म्हणता आणि पुरावा मात्र देवमाशाचा देता. सीलसुद्धा पिल्लू बर्फावर किंवा किनाऱ्यावरच घालतो. त्याला अंड्याची अडचण नाही, तरीही तो बाहेर येतो. मग सील आणि पेंग्विन एकाच पायरीवर उभे आहेत असे का म्हणू नये?

हिप्परगा

विजापूर वेस यांचा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उडवून लावता येणार नाही. तथापि पायरी एक असली तरी त्या पायरीवर थांबण्याचा काळ एक नाही, आणि हा फरक माझ्या मते निर्णायक आहे. मी बरीच वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

वेडेल सीलचे पिल्लू जन्मते तेव्हा सुमारे पंचवीस-तीस किलोचे असते. आईच्या दुधात स्निग्धांश साठ टक्क्यांपर्यंत जातो. आपल्या म्हशीच्या दुधात तो सात-आठ टक्के असतो, यावरून अंदाज करावा. सहा-सात आठवड्यांत पिल्लू शंभर किलोच्या वर जाते आणि तोवर आई खंगते. महत्त्वाची गोष्ट अशी की दूध तुटण्याची वाट न पाहता, जन्मानंतर दोनेक आठवड्यांतच ते आईमागोमाग पाण्यात उतरते. पेंग्विनच्या पिल्लाला ही सोय नाही. त्याच्या अंगावरची राखाडी लव पाणी धरते, आणि ती जाऊन पक्की पिसे येईपर्यंत, म्हणजे डिसेंबरच्या सुमारापर्यंत, पायाखालचा बर्फ शाबूत राहणे हा त्याच्या जिवाचा प्रश्न असतो.

२०२२ च्या अखेरीस अंटार्क्टिकालगतच्या बेलिंगशाउझेन समुद्रात हेच घडले. तेथील बर्फ नेहमीपेक्षा लवकर फुटला आणि उपग्रहचित्रांवरून असे दिसून आले की त्या भागातील सम्राट पेंग्विनांच्या पाच वसाहतींपैकी चार वसाहतींत त्या हंगामातील पिल्ले बहुधा वाचलीच नाहीत. बर्फ लवकर फुटणे सीललाही सोसत नाही, पण पोहता येणाऱ्या पिल्लाला निदान एक संधी मिळते. म्हणून मी असे म्हणेन की सील समुद्र आणि जमीन यांच्या मधल्या वाटेवर आहे आणि त्याची पुढची वाट मोकळी आहे. पेंग्विन त्याच वाटेवर असला तरी त्याच्यापुढे दार बंद आहे.

आता बुडीविषयी. माळरान सरांनी आकडे बाजूला सारले ते योग्यच, परंतु त्या आकड्यांमागची क्रिया बाजूला सारू नये, कारण दोघांचे खरे वेगळेपण तेथेच आहे. वेडेल सील बुडी मारण्यापूर्वी श्वास बाहेर सोडतो. ऐकणाऱ्याला हे उलटे वाटते, पण थोडे खोल गेल्यावर पाण्याच्या दाबाने त्याच्या फुफ्फुसातील वायुकोष्ठिका मिटतात, उरलीसुरली हवा श्वासनलिकेत ढकलली जाते आणि नायट्रोजन रक्तात मिसळण्याचा मार्गच खुंटतो. पाणबुड्यांना भरभर वर आल्यावर जो सांधे धरणारा, कधी प्राणघातक ठरणारा विकार होतो, त्यातून सील असा सुटतो. त्याची शिदोरी फुफ्फुसात नसून रक्तात आणि स्नायूंत असते. स्नायूंतील मायोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू धरून ठेवणारे प्रथिन, इतके दाट असते की मांस जवळजवळ काळे दिसते, आणि प्लीहेत साठवलेल्या तांबड्या पेशी बुडीच्या वेळी रक्तात सोडल्या जातात.

पेंग्विन मात्र छाती भरून खाली जातो. पक्ष्यांच्या शरीरात फुफ्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात आणि त्यांतील हवा हा त्याच्या साठ्याचा एक मोठा भाग असतो. मायोग्लोबिनच्या बाबतीत सम्राट पेंग्विन सीलपेक्षा मुळीच कमी नाही, त्यामुळे तो दोन्ही तिजोऱ्या वापरतो असे म्हणता येईल. या हवेमुळे सुरुवातीला त्याला खाली जाताना जोर लावावा लागतो, तर परतताना तीच हवा फुगत जाऊन त्याला वर उचलते. याशिवाय पिसांत कोंडलेली हवा तो वर येताना बारीक बुडबुड्यांच्या रूपाने सोडतो, त्यामुळे अंगाला होणारे पाण्याचे घर्षण घटते आणि तो बर्फाच्या कडेवरून थेट वर झेप घेतो. पाठीमागे बिबट्या सील लागलेला असेल तर हा वेग किती मोलाचा आहे, हे वेगळे सांगायला नको.

बुडी मोजण्याचा इतिहासही मुलांना आवडेल. जेराल्ड कूयमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात अंटार्क्टिकातील मॅकमर्डो साउंड येथे वेडेल सीलच्या पाठीवर जे पहिले खोलीमापक बसवले, त्यांत स्वयंपाकघरात वापरतात तसले साठ मिनिटांचे घड्याळ आणि काजळी धरलेली काचेची चकती होती. दाब वाढला की काजळीवर ओरखडा उमटे आणि त्या ओरखड्यावरून खोली काढली जाई.

चाटी गल्ली

मी व्यापारी माणूस आहे, शास्त्र शिकलेलो नाही, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटल्यास क्षमा असावी. समुद्रात राहायचे म्हटले तर माणसाला पहिल्या दोन अडचणी येतील त्या म्हणजे प्यायचे काय आणि झोपायचे कोठे. या दोन बाबतींत पक्षी सरस की सस्तन प्राणी, हे कोणी सांगावे. सोलापुरात पाण्याचा विषय निघाल्याशिवाय कोणतीही चर्चा पूर्ण होत नाही, असेही समजावे.

हिप्परगा

चाटी गल्ली साहेब, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. पाण्याच्या बाबतीत मी पक्ष्याला उजवे म्हणेन. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि पक्ष्याची मूत्रपिंडे तेवढे क्षार बाहेर टाकण्यास समर्थ नसतात. ही उणीव समुद्रपक्ष्यांनी डोळ्यांच्या वर, कवटीच्या खोबणीत बसलेल्या क्षारग्रंथींनी भरून काढली आहे. या ग्रंथी रक्तातील मीठ वेचून समुद्रापेक्षाही खारट द्रव तयार करतात, तो नाकपुड्यांतून चोचीवर उतरतो आणि पक्षी मान झटकून थेंब उडवतो. नट श्मिट-नील्सन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात हे उलगडले. तोवर हे पक्षी खारे पाणी पचवतात तरी कसे, हे कोडेच होते. सील आणि देवमासे यांच्यापाशी अशी ग्रंथी नाही. त्यांची मूत्रपिंडे अनेक लहान पाळ्यांची बनलेली आणि चांगली कार्यक्षम असतात, परंतु त्यांचा मुख्य भर खारे पाणी पिण्यावर नसून माशांच्या शरीरातील पाण्यावर आणि चरबी जळताना निर्माण होणाऱ्या पाण्यावर असतो. म्हणजे एकाने खारे पाणी गोड करण्याची सोय केली आणि दुसऱ्याने पाण्याची गरजच आटोक्यात आणली.

झोपेविषयी विजापूर वेस यांनी मागे एका चर्चेत लिहिले होते, तेव्हा तो भाग त्यांच्यावर सोपवते.

विजापूर वेस

आज्ञा शिरसावंद्य. झोपेवर गेल्या काही वर्षांत फार देखणे काम झाले आहे. डॉल्फिन अर्ध्या मेंदूने झोपतो आणि अर्ध्याने जागा राहून श्वासासाठी वर येतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. सीलचे तसे नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियाच्या एलिफंट सीलांच्या डोक्यावर मेंदूतील विद्युतलहरी टिपणारी टोपी बसवली गेली. तेव्हा असे आढळले की हा प्राणी बुडी मारतो, शिकाऱ्यांच्या टप्प्याच्या खाली पोहोचल्यावर गाढ झोपतो, झोपेतच उलटा होतो आणि गळून पडलेल्या पानासारखा गिरक्या घेत आणखी खाली जातो. दहाएक मिनिटांनी जाग आली की पुन्हा वर. महिनोन्‌महिने चालणाऱ्या सागरी सफरीत त्याची दिवसाची एकूण झोप सरासरी दोन तासांची भरते, तर किनाऱ्यावर हाच प्राणी दहा तास घोरत पडतो.

पक्ष्यांकडे पाहिले तर गॅलापागोस बेटांवरील फ्रिगेट पक्षी उडता उडता झोपतात, हे २०१६ मध्ये सिद्ध झाले. त्यांची पिसे पाण्यात भिजतात, म्हणून समुद्रावर उतरण्याची त्यांना सोयच नाही. हवेत असताना ते दिवसाला सरासरी अवघी ४२ मिनिटे झोपतात. घरट्यावर बसलेल्या चिनस्ट्रॅप पेंग्विनची तऱ्हा आणखी न्यारी आहे. साधारण चार-चार सेकंदांच्या डुलक्या, दिवसाला दहा हजारांहून अधिक, आणि बेरीज अकरा तासांच्या वर. शेजारी घरट्यातील खडा पळवील आणि स्कुआ हा लुटारू समुद्रपक्षी अंडे उचलील, या धास्तीत त्याला यापेक्षा लांब झोप परवडत नाही. पाहा, येथेही झोपेची ही लक्तरे झाली ती अंड्यापायीच, त्यामुळे माझ्याच आक्षेपाविरुद्ध हा पुरावा मी माळरान सरांच्या पदरात टाकतो.

माळरान (धागाकर्ता)

पुरावा कृतज्ञतापूर्वक स्वीकारला आहे. सीलविषयीचा आक्षेप मात्र मी खोडून काढत नाही. हिप्परगा मॅडमनी ‘मधली वाट’ म्हटले आहे तेच मला योग्य वाटते.

कंबरतळे

मारुती चितमपल्लींच्या सोलापुरात पक्ष्यांवर इतका वेळ चर्चा चालावी आणि आपल्या तळ्यांतील एकाही पक्ष्याचे नाव निघू नये, हे बरे नव्हे. माळरान सरांच्या अंड्याच्या सिद्धान्ताला मी येथूनच एक उलट उदाहरण देतो.

संभाजी तलावावर, ज्याला आपण जुने लोक अजून कंबर तलावच म्हणतो, टिबुकली हा बदकाहून लहान पाणपक्षी राहतो. त्याचे पाय इतके मागे सरकलेले आहेत की जमिनीवर त्याला धड चालता येत नाही. हा पक्षी घरटे काठावर करत नाही. कुजकी पाणवनस्पती, शेवाळ आणि देठ गोळा करून तो पाण्यावरच एक ओला ढीग रचतो, उभ्या गवताला तो अडकवून ठेवतो आणि त्यावर अंडी घालतो. दुर्बिणीतून पाहताना लक्षात राहते ती त्याची घाई. कोणी जवळ येत आहे असे दिसले की तो उठतो, चोचीने दोन-चार ओल्या काड्या ओढून अंड्यांवर टाकतो आणि आवाज न करता पाण्यात शिरतो. पाहणाऱ्याला तेथे कचऱ्याच्या ढिगापलीकडे काही दिसत नाही. पांढरी अंडी त्या ओल्या पसाऱ्याने हळूहळू तपकिरी होतात.

अंडे पाण्यावर, घरटे पाण्यावर, पिल्ले आईबापांच्या पाठीवर. जमिनीची गरज कोठे उरली? मग समुद्रात असे का होऊ नये?

माळरान (धागाकर्ता)

कंबरतळे काका, हे उदाहरण मला सर्वांत अडचणीचे वाटले, म्हणून दोन दिवस विचार करून लिहितो आहे. टिबुकलीने जमीन सोडली हे खरे, परंतु तिने काठ सोडलेला नाही. तिचे तरंगते घरटे उभ्या गवताला बांधलेले असते, आणि तलावात लाट म्हणावी अशी लाट नसते. भर समुद्रात घरटे बांधायला ना गवत ना खुंटा, आणि पहिल्याच वादळात अंडी तळाशी जातील. शिवाय तिचे अंडे काही मिनिटे ओल्या शेवाळाखाली राहिले तरी आपल्याकडच्या उन्हात तग धरते. अंटार्क्टिकाच्या पाण्यात ते क्षणात थिजेल.

यापुढचा प्रश्न कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच मांडतो. अंडे अडचणीचे असेल तर पक्ष्यांनी ते पोटातच का उबवले नाही? सरपटणाऱ्या प्राण्यांनी हे अनेकदा साधले आहे. आपल्या कोकण किनाऱ्यावर जाळ्यात येणारे बहुतेक समुद्रसाप पाण्यातच जिवंत पिल्ले देतात, आणि डायनोसॉरांच्या काळातील इक्थिओसॉरही तसेच करत, हे पोटात पिल्लू असलेल्या जीवाश्मांवरून दिसते. उलट समुद्रकासवांना ते साधले नाही, म्हणून ऑलिव्ह रिडलेची मादी आजही वेळासच्या वाळूवर खड्डा करायला येते. पक्ष्यांच्या दहा हजारांहून अधिक जातींमध्ये मात्र पिल्लू देणारी एकही नाही. कारणे अनेक सुचवली गेली आहेत. उडणाऱ्या मादीला गर्भाचे ओझे परवडत नाही, हे त्यांपैकी सर्वांना सुचणारे. पण पेंग्विनला उडायचेच नाही, तेव्हा ते एकटे पुरत नाही. दुसरे कारण मला अधिक वजनदार वाटते. पक्ष्याच्या अंगाची ऊब गर्भाला मानवणाऱ्या उबेपेक्षा बहुधा जास्त असते, म्हणून अंडे लवकर बाहेर काढून थोड्या कमी उबेत वाढवणेच त्याला सोयीचे पडते. आणि आईबाप दोघे मिळून अंडे इतके उत्तम सांभाळतात की ते पोटात ठेवण्याने होणारा जादा लाभ फारसा उरत नाही. जी सोय लाखो वर्षे चांगली चालली, तीच पेंग्विनच्या पायातील बेडी झाली, असे माझे मत आहे. ते अंतिम नाही.

विजापूर वेस

बेडी असूनही पेंग्विन एके काळी लहान नव्हते, याची नोंद येथे व्हावी. न्यूझीलंडमधील कुमिमानू वंशातील एका पेंग्विनचे वर्णन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. साडेपाच कोटी वर्षांहून जुना हा पक्षी सुमारे दीडशे किलो वजनाचा असावा, म्हणजे आजच्या सम्राट पेंग्विनच्या चौपट. असे राक्षसी पेंग्विन पुढे नाहीसे झाले. त्याच सुमारास देवमासे आणि सील यांची भरभराट झाली आणि अन्नासाठी तसेच किनाऱ्यावरील जागेसाठी त्यांनी पेंग्विनांना मागे रेटले, असे काही संशोधक मानतात. हा तर्क आहे, पण पटण्याजोगा आहे.

देवमाशांची कथा तर आपल्याच उपखंडातली आहे. पाकिस्तानात सापडलेला आद्य देवमासा पाकिसेटस सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याचा नातलग इंडोह्यूस, मांजराएवढा खुरांचा प्राणी, काश्मीरच्या खडकांतून मिळाला, आणि भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेल्या त्या खडकांतून २००७ मध्ये त्याचे देवमाशांशी असलेले नाते उलगडले. कच्छमध्येही आद्य देवमाशांचे जीवाश्म आहेत. सहल राणीच्या बागेतले पेंग्विन पाहायला जाते, कच्छला मात्र फक्त रणोत्सवासाठी जाते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

चाटी गल्ली

राणीच्या बागेतले पेंग्विन मी पाहिले आहेत. काचेमागे कडाक्याचा गारवा ठेवलेला होता. तेच बर्फातले सम्राट पेंग्विन आहेत काय?

हिप्परगा

नाहीत. ते हम्बोल्ट पेंग्विन आहेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, आणि तेथे बर्फ नसतो; थंड सागरी प्रवाहाचे पाणी असते. गॅलापागोसचे पेंग्विन तर विषुववृत्तावर राहतात. पिसांचे वस्त्र उन्हात थोडे सैल करता येते, चेहऱ्यावरच्या उघड्या कातडीतून आणि वल्ह्यांतून उष्णता सोडता येते. सीलच्या चरबीचा थर उतरवून ठेवता येत नाही. उलट खोल पाण्यात पिसांमधली हवा दाबली जाऊन ऊब घटते, चरबी मात्र दाबानेही तितकीच राहते. अगदी खोल, थंड पाण्यात सीलचे पारडे जड आणि उघड्यावर पेंग्विनचे, असा साधारण हिशेब आहे.

कंबरतळे

माळरान सर, टिबुकलीचे उत्तर मला पटले. जाता जाता समुद्रपक्ष्याच्या बाजूने एक गोष्ट सांगतो, जी सील किंवा डॉल्फिन यांच्या आवाक्यात नाही. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांवर वीण करतात आणि हिवाळ्यात काही मुंबईच्या खाडीवर, तर काही आपल्या उजनीच्या गोड्या पाण्यावर उतरतात. समुद्र तेथून सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे. हिप्परगा मॅडमनी सांगितलेली क्षारग्रंथी गोड्या पाण्यावर राहणाऱ्या कुरवांमध्ये आक्रसते आणि खाऱ्या पाण्यावर गेले की पुन्हा वाढते.

चाटी गल्ली

उजनीवर ते पाहायला कधी जावे? आणि मुंबईत एलिफंटाच्या बोटीवर लोक त्यांना गाठ्या टाकतात, तशा न्याव्यात काय?

कंबरतळे

डिसेंबर ते फेब्रुवारी, भल्या सकाळी, भिगवणच्या बाजूने नाव मिळते. गाठ्या नेऊ नयेत. मिठाची व्यवस्था त्यांच्या ग्रंथी लावतील, पण तळलेल्या बेसनात त्यांना लागणारे पोषण नाही, आणि आयते मिळू लागले की ते नावेमागे फिरत बसतात. दुर्बीण नसल्यास माझ्याकडे एक जादा आहे, ती न्यावी.